पाळी गेल्यावर सारखी उन्हाळी लागते, त्यात बाईची चूक नाहीये

बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज परत फिरतोय. पाळी गेल्यावर सारखी लघवीला जळजळ होते कारण स्वच्छता कमी पडते, म्हणून इंटिमेट वॉशने रोज आतून धुवा, चार लिटर पाणी प्या, तरी त्रास झाला तर मागच्या वेळचीच अँटीबायोटिक घ्या, आणि हार्मोनचं क्रीम अजिबात नको, त्याने कॅन्सर होतो. वाचून फार वाईट वाटलं, कारण माझ्या ताईने दीड वर्ष नेमकं हेच केलं.

आधी स्वच्छतेचं बघू, कारण सगळ्यात जास्त मनाला लागतं ते हेच. पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, आणि योनीचं, लघवीच्या नळीचं आतलं अस्तर त्याच्यावरच पोसलेलं असतं, ते पातळ आणि कोरडं पडतं. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते आम्लता टिकवतात, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 4.5 च्या खाली ठेवतात. ते कमी झाले की पीएच 5 च्या वर जातो आणि आतड्यातले ई. कोलाय नावाचे जंतू तिथे मुक्काम ठोकतात, तिथून वर लघवीच्या पिशवीत. आता यात साबण काय करणार? उलट आधीच नाजूक झालेली कातडी तो अजून कोरडी करतो. ताई दिवसातून तीनदा धुवायची, शेवटी शेवटी तर खुर्चीत एका बाजूला कलून बसायची, नुसती सुती चड्डी घासली तरी चरचरायचं, आणि तरी तिला वाटायचं की आपणच कुठेतरी कमी पडतोय. बाहेरून साधं पाणी पुरतं हो, आतून काहीच धुवायचं नसतं.

पाण्याचं अर्धं खरं आहे. 2018 साली आलेल्या एका अभ्यासात रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायल्याने इन्फेक्शन कमी झाली होती, पण त्या पाळी चालू असलेल्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या बायका होत्या. पाणी कमी पीत असाल तर वाढवा, पण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर चार लिटर अंगाशी येऊ शकतं.

मागचीच गोळी परत घेणं तर सोडाच. प्रत्येक जळजळ इन्फेक्शन नसते, नुसत्या कोरडेपणानेही जळजळतं, सारखं जावंसं वाटतं. ताईचे तीन कोर्स झाले कल्चर (लघवीत कोणते जंतू वाढतात ती तपासणी) न करताच, मग केलं तर त्यात जंतूच वाढले नाहीत! सहा महिन्यांत 2 किंवा वर्षात 3 वेळा इन्फेक्शन झालं तर त्याला वारंवार म्हणतात, आणि तेव्हा गोळीच्या आधी लघवीचं कल्चर हवंच, नाहीतर जंतू गोळ्यांना दाद देईनासे होतात. आणि त्रास काहीच नाही, फक्त रिपोर्टमध्ये जंतू दिसले, तर बहुतेक वेळा औषध लागतही नाही.

राहिलं क्रीम. कॅन्सरची भीती मुख्यतः 2002 साली आलेल्या अभ्यासातून पसरली, तो पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांवर होता. योनीत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन रक्तात अगदी थोडं जातं. 1993 मध्ये 93 बायकांवर झालेल्या चाचणीत क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी 0.5 वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना 5.9 वेळा. एवढा फरक! पोटातल्या गोळ्यांनी मात्र हा फायदा होत नाही. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोला, आणि बाकीच्यांनीही डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा. फरक पडायला काही आठवडे जातात, ताईला दोन महिने लागले, म्हणून दहा दिवसांत सोडून देऊ नका.

आणि मेसेजमध्ये हे कुठेच नाहीये म्हणून सांगते, थंडी वाजून ताप आला, कुशीत कळ आली तर त्याच दिवशी दाखवा. लघवीतून रक्त गेलं, अगदी न दुखता एकदाच गेलं, तरी "उन्हाळी असेल" म्हणून सोडू नका, तपासून घ्या.