माझी नोट, शेठची ट्यूबलाइट

गेली सहा वर्षं मी ज्या दुकानातून किराणा नेतो, त्या दुकानात परवा संध्याकाळी माझी पाचशेची नोट ट्यूबलाइटकडे उचलली गेली. नोटेबरोबर मीही. दुसऱ्या दिवशी एकादशी, दुकानात मरणाची गर्दी, आणि माझ्या फोनने वाटेतच मान टाकलेली. भगर, साबुदाणा, शेंगदाणे मिळून तीनशे बेचाळीस रुपये झाले. पाकिटात एकुलती एक नोट होती, ती दिली.

शेठनी ती आधी दोन बोटांत चोळली, मग कानाशी फडफडवली, मग वर धरली.

"सर, दुसरी आहे का?"

'दुसरी' म्हणजे काय, हे रांगेतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मागच्या बाई पर्स छातीशी धरून अर्धं पाऊल मागे सरकल्या. मी नाही म्हटल्यावर शेठ म्हणाले, "दादा, नंबरात चांदणी आहे हिच्या." आणि दोनच मिनिटांनी पोऱ्याला, "त्या चष्मेवाल्यांचं सामान बाजूला काढून ठेव रे." सर, दादा, चष्मेवाले. एका पाचशेच्या नोटेपायी माणूस किती पायऱ्या उतरतो, ते मी उभ्या उभ्या मोजलं.

बरं, हे घडलं कुठं? नाशिक रोडला! १९२८ पासून जिथं नोटा छापल्या जातात, जिथं 'प्रेसमध्ये आहे' एवढं म्हटलं की मुलाकडच्यांना पुढचं काही सांगावं लागत नसे, त्या गावात. इथं तज्ज्ञ शोधायला जावं लागत नाही. तो साखरेच्या पोत्यावर बसलेलाच होता.

"आण इकडं," पोत्यावरचे काका म्हणाले. "छत्तीस वर्षं प्रेसमध्ये काढलीत."

दुकान एकदम गप्प झालं. पोऱ्याच्या हातातला तराजूसुद्धा थांबला. शेठनी मला न विचारता माझी नोट त्यांच्या हातात दिली. काकांनी आधी चष्मा काढून खिशात ठेवला. नोट बघायला चष्मा काढणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मग डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख नोटेच्या डाव्या कडेवरून हळूच खाली ओढलं.

"एक, दोन, तीन, चार, पाच. रेघा बरोबर आहेत."

मला हायसं वाटलं. पण काका तिथं थांबणाऱ्यातले नव्हते. त्यांनी नोट हुंगली. परत हुंगली. "हिंगाचा वास येतोय."

"तो शेठच्या हाताचा," मी म्हणालो.

"मध्ये बोलू नका. पट्टी बघू." नोट तिरपी झाली. हिरव्या पट्टीने निळं व्हायला हवं होतं, पण शेठची ट्यूबलाइट अशी आहे, की तिच्या उजेडात टोमॅटोही जांभळे दिसतात. पट्टी शेवाळी झाली आणि तशीच राहिली. काकांनी ओठ पुढे काढले. रांगेनेही काढले.

"पट्टी गांधींना चिकटलीय," रांगेतला एक कॉलेजकुमार फोनमध्ये बघत म्हणाला. "गव्हर्नरच्या सहीजवळ पाहिजे. नाहीतर नकली. ग्रुपवर आलंय." हे खोटं असल्याचं सरकारने केव्हाच सांगितलंय, हेही मी बोललो. पण ज्याची नोट संशयात असते, त्याचं मत धरत नाहीत.

"कागद कापसाचा असतो," काका म्हणाले. "लाकडाचा लगदा नाही, अस्सल कापूस. एक पेला पाणी आणा."

"पाणी कशाला?"

"भिजवू. खरी असेल तर काही होत नाही."

"आणि खोटी असेल तर?"

"तर जे व्हायचं ते होऊनच गेलंय की हो!"

पोऱ्या खरंच पेला घेऊन आला. मी नोट धरली, काकांनी सोडली नाही. साखरेच्या पोत्यापाशी दोन प्रौढ माणसं गांधीजींना दोन बाजूंनी ओढत होती. नोटेवर बिचारा गव्हर्नर सही करून वचन देतो, 'मैं धारक को पाँच सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ'; पण त्या क्षणी धारक नेमका कोण, हेच ठरत नव्हतं.

पर्सवाल्या बाईंनीच शेवटी विचारलं, "काका, तुमच्याकडे अशा नोटा यायच्या का हो तपासायला?"

"नोटा? छे! नोटांची प्रेस वेगळी, ती शेजारची. आमच्याकडे टपालाची तिकिटं, स्टॅम्प पेपर."

मागून कुणीतरी हळूच 'तेलगी' म्हणालं. काका ताडकन उठले, नोट माझ्या हातात कोंबली आणि पोत्याला त्यांच्या बुडाचा खळगा ठेवून निघून गेले. पेला पोऱ्याने पिऊन टाकला.

चांदणीबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. छपाईत शंभराच्या बंडलातली एखादी नोट खराब निघाली, की तिच्या जागी दुसरी घालतात आणि तिच्या नंबरात चांदणी छापतात. बदली खेळाडू म्हणा. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये मुद्दाम सांगितलं, की या नोटा इतर नोटांइतक्याच खऱ्या. पण आपल्याकडे रिझर्व्ह बँकेपेक्षा शेठचा शब्द मोठा. दहाच्या नाण्यांचं हेच झालं. चौदा प्रकारची नाणी निघालीत आणि चौदाही चालतात, असं २०१८ मध्ये सांगून झालं. शेठ अजून 'दहाचा डॉलर नको' म्हणतात. आमचे आजोबा बरे. रुपया फरशीवर टाकायचा, खणकन वाजला की बंदा. नोट वाजत नाही हीच तिची खोट. म्हणून मग तिला चोळा, हुंगा, भिजवा.

घरी गेलो, फोन दहा मिनिटं चार्ज केला, परत येऊन पैसे पाठवले. शेठच्या डब्यातली बाई 'तीनशे बेचाळीस रुपये' असं काहीतरी म्हणाली आणि शेठनी मान न वळवता पिशवी पुढे सरकवली. त्या बाईला कुणी उजेडात धरत नाही.

रात्री नियम वाचत बसलो आणि खरा संताप तेव्हा आला. नोट बँकेत नकली ठरली, तर तिच्यावर शिक्का मारून ती ठेवून घेतात. तुम्हाला पावती मिळते, पैसे नाही. माझी नोट बँकेच्याच एटीएममधून आली होती, पण हे सिद्ध कसं करायचं? एटीएमच्या चिठ्ठीवर रक्कम असते, नोटांचे नंबर नसतात. मशीनने दिलेली नोट मशीनसमोर कॅमेऱ्याला दाखवून मगच पाकिटात घालावी, असं एका शहाण्याने सुचवलं. मागच्या रांगेसमोर हे एकदा करून बघावं त्याने. शिवाय एका वेळी चारपर्यंत निघाल्या तर त्या पोलिसांच्या मासिक यादीत जातात, पाच निघाल्या तर थेट गुन्हा. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बाकीच्या तीन कुठं ठेवल्यायत?"

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बँकेत गेलो. कॅशियरने नोट मशीनमध्ये टाकली, फर्रकन आवाज झाला.

"खरी आहे."

अर्धा सेकंद. काल वीस माणसांसमोर अर्धा तास चाललेल्या खटल्याचा निकाल अर्ध्या सेकंदात, तोही वर न बघता. मला ते पुरलं नाही.

"तसं लिहून मिळेल का?"

आता तिने वर बघितलं. "नकली असती तर पावती दिली असती. खऱ्याची पावती नसते. पुढचे या."

तिथून तडक दुकानात. पोत्यावर काका नव्हते, ट्यूबलाइट होती. मी एक काडेपेटी मागितली आणि तीच नोट, तीच चांदणी वर दिसेल अशी काउंटरवर ठेवली. "बँकेतून आणलीय तपासून," मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

"खरीच असणार हो, सर," असं म्हणत शेठनी नोट वर धरली. "सुट्टे नाहीत का?"