आधी ताण, चोळणं नंतर

‘गरोदरपणात रात्री पोटरीत गोळा आला की तेल लावून जोरात रगडा’ हा लेखातला सल्ला पटला नाही. आकसलेला स्नायू आधी ताणावा लागतो. गुडघा सरळ ठेवून टाच पुढे ढकलायची आणि पाऊल नडगीकडे ओढायचं, साधारण अर्धा मिनिट. पोटामुळे हात पोचत नसेल तर पंजाखालून ओढणी घालून ओढा. बोटं खाली ताणली तर गोळा उलट घट्ट होतो. चोळायचं ते गोळा सुटल्यावर, तेही हलक्या हाताने. आणि एकाच पायाला सूज, लाली, गरमपणा, सतत ठणका असेल तर अजिबात चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, गरोदरपणात तो धोका वाढतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कॅल्शियमच्या गोळीने गोळे थांबतातच असं नाही. तरी आशाताई देतात त्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, दोन वेळच्या जेवणानंतर एकेक अशा घ्याव्यात, फक्त लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. आमच्या तासगावकडे द्राक्षबागेत दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांनी झोपण्याआधी भिंतीला हात टेकून, टाचा जमिनीवर ठेवून पोटऱ्या ताणून बघाव्यात. फुकटचं काम आहे.