एअर बॅगा टाकल्या म्हणून स्कॉर्पिओचा टेम्पो होत नाही, दाजी

काल रात्री अकराला आक्काचा फोन. "अरे ह्यांनी गाडीला मागं एअर बॅगा बसवल्यात, आता धडक बसली तरी मागं पोरांना काय होत नाही म्हणत्यात, खरं काय?" कपाळाला हात लावला. आक्का, धडकेत फुगून बाहेर येतात त्या एअर बॅगा वेगळ्या. ह्या मागच्या कॉइल स्प्रिंगच्या पोटात घालायच्या, जाड प्लॅस्टिकसारखं नळकांडं असतंय, त्यात हवा भरायची. धडकेशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

मग दाजींकडनं तो फॉरवर्ड मागवला. महिनाभर सगळ्या ग्रुपवर फिरतोय म्हणे. म्हणणं असं: मागच्या कॉइलमध्ये एअर बॅग टाका, लोड कपॅसिटी डबल, ५०-६० हवा मारा, बंप स्टॉप कापून टाका, दोन्ही बॅगा एका नळीवर जोडा, शॉकअपचं आयुष्य वाढतं आणि ऑफरोडला गाडी कुठंच अडकत नाही. दाजींनी यातलं सगळं केलंय. सगळं!

पहिलं कपॅसिटीचं, कारण जीव जायचा तो यातच. एअर लिफ्ट म्हणून अमेरिकन कंपनी आहे, १९४९ पासून हाच धंदा. कॉइलच्या आत बसणारं त्यांचं १००० नावाचं मॉडेल आहे, हजार पौंडांवरनं, म्हणजे जोडीला साधारण ४५० किलो. पण हा आकडा गाडी लेव्हलला धरायचा आहे, वाढीव माल भरायचा न्हवे. तीच कंपनी स्वतः सांगते की गाडीचं ठरलेलं एकूण वजन ओलांडू नका, बॅगेनं ते वाढत नाही. विकणारा स्वतः नाही म्हणतोय आणि फॉरवर्डवाला डबल म्हणतोय, आता कुणाचं ऐकायचं ते बघा. बैलानं मान वर केली म्हणून गाडीतला ऊस कमी होत नसतो. मागनं गाडी बसलेली दिसायची बंद झाली एवढंच, वजन त्याच ॲक्सलवर, त्याच बेअरिंगवर, त्याच ब्रेकवर. टायरवर लोड इंडेक्स, म्हणजे टायरला किती वजन झेपतं त्याचा नंबर, १०८ असला तर एका टायरला १००० किलो, बॅग टाकल्यावर त्या आकड्याला शिंगं फुटत नाहीत. आणि उलट तोटा असा की आधी गाडी खाली बसली की माणसाला कळायचं, जास्त झालंय, दोन पोती उतरवा. आता ते बी कळणार नाही. दाजींचा बेत काय तर सात माणसं आत, वर कॅरियरला गुळाचे रवे, आणि आजऱ्यावरनं आंबोली उतरायची. सात माणसांचंच साडेचारशे किलो झालं की हो, गूळ कुणाच्या हिशोबात धरायचा?

आता हवा. त्याच १००० ला कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). रिकाम्या गाडीला ५ च्या आसपास, माल भरला तर वाढवायची, उतरला की परत सोडायची. दाजींनी ५० मारलीय आणि गाडी रिकामी. आक्का म्हणते मागच्या सीटवर बसलं की पोरगं ओकतंय. ओकणारच, मागची बाजू बैलगाडी झालीय. दाजींच्या बॅगांच्या डब्यावर कंपनीचं नावच नाही, मग त्यांना ५० झेपतं हे कुणी सांगितलं?

बंप स्टॉप, म्हणजे ॲक्सल वर येऊन आपटू नये म्हणून असतो तो रबराचा गट्टू. इथं मनाविरुद्ध मान्य करतो, काही गाड्यांत तो कॉइलच्या आतच असतो आणि तिथं बॅग बसवायला तो काढायला किंवा कापायला किटवालेच सांगतात. पण ते त्या गाडीच्या त्या किटपुरतं. "सगळ्यांनी कापा" हे कुठनं आलं? बॅगेवर दगडाचा खडा घासला, सायलेन्सरच्या उष्णतेनं ती चिरली, आणि भरल्या गाडीनं खड्ड्यात गेलात की लोखंडावर लोखंड. मसाई पठाराच्या बाजूला जांभ्याची खडी कशी असते ते दाजींना मी सांगायला नको.

एका नळीचं अर्धं खरं आहे. ऑफरोडला सावकाश जाताना एक चाक वर, एक खाली असलं की हवा इकडची तिकडं जाते आणि चाकं जमीन धरतात. पण गगनबावड्याच्या वळणावर तीच हवा दाबल्या बाजूची निघून दुसऱ्या बाजूला जाते, गाडी आणखी कलते. आणि एक बॅग फुटली की दोन्ही गेल्या. दोन नळ्या, दोन व्हॉल्व्ह, खर्च फार नाही.

शॉकअपचं आयुष्य वाढतं? बॅग स्प्रिंगचं काम करते, उसळी दाबायचं काम शॉकअपचंच. स्प्रिंग कडक केली की उसळी दाबायला शॉकअपला जास्त राबावं लागतं. गेलेला शॉकअप बॅगेनं जिवंत होत नाही. आणि कुठंच अडकत नाही वगैरे, फुगवलेल्या बॅगेनं मागचं चाक खड्ड्यात मोकळं खाली-वर होत नाही, ते हवेत लटकतं आणि फिरत बसतं. त्यावर आणखी काय लिहायचं.

मी बॅगांच्या विरोधात नाही. वर्षातनं चारदा माल भरून जाणाऱ्याला कायमची कडक स्प्रिंग टाकण्यापेक्षा हे बरं, मागनं गाडी बसत नाही, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. आणि बॅगेनं चासिस वाकतो म्हणून घाबरवणारे आहेत त्यांनी पण जरा थांबा, ते मुख्यतः पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पिकअपचं, तिथं बॅग पाट्याच्या मधोमध बसते आणि वजन चासिसच्या भलत्याच जागी येतं. कॉइलमधली बॅग स्प्रिंगच्या मूळ बैठकीवरच बसते.

दाजी, रविवारी माणसं आणि गूळ भरून गाडी काट्यावर घाला, आधी सगळी, मग नुसती मागची चाकं, आणि आकडे गाडीच्या कागदांशी लावून बघा. तोवर हवा ५ वर आणा. आणि गॅरेजवाल्यानं कापलेले ते गट्टू कचऱ्यात टाकले नसतील तर मागून आणा, तुमच्या गाडीला नेमके कुठं बसायचे ते खाली वाकून दोघं बघू.