जेसीबीवाला आपलाच माणूस आहे

प्लॉट घेतला का? अभिनंदन. आता लेव्हल करायचा असेल, भराव टाकायचा असेल, पायाचे खड्डे काढायचे असतील तर मी सांगतो तसं करा, कारण मी तसंच केलंय आणि मला अजून कुणी वेडा म्हटलेलं नाही, निदान तोंडावर तरी.

एक तर माणूस शोधत बसू नका. तीन जणांना बोलवा, जागा दाखवा, कोटेशन घ्या, ही नाटकं कंपन्यांनी करायची. आपल्याकडे मेव्हण्याच्या मित्राचा जेसीबी असतोच, नसेल तर मेव्हण्याला मित्र वाढवायला सांगा. फोन लावला की तो म्हणेल, "दाजी, तुमच्याकडनं काय जास्त घेणारे का?" झालं, हाच करारनामा. यावर परत काय काय काम, किती खोल, किती पैसे असं कागदावर मागणं म्हणजे नात्यात माती कालवणं, आणि माती तर तोच कालवणार आहे.

जागा बघायला तो येणार नाही. "माहितीय मला, लहानपणी तिकडंच बोरं खायला जायचो." बोरं खाल्ली म्हणजे जमिनीची तपासणी झाली. आधी दोन ठिकाणी खड्डा घेऊन काळी माती कुठवर आहे, कातळ किती फुटावर लागतो हे बघता येतं, तासाभराचं काम आहे, पण मग सरप्राइज काय राहणार? आम्हाला अडीच फुटावर कातळ लागला. मग कळलं की माती उकरायच्या बकेटचा रेट वेगळा, कातळ फोडायच्या ब्रेकरचा वेगळा, ब्रेकर आपल्या माणसाकडे नाहीच, तो दुसऱ्याचा, आणि तो दुसरा सध्या कराडला.

तारखेचं म्हणाल तर मुहूर्त तुम्ही गुरुजींकडनं काढा, पण मशीन त्या दिवशी येईल असं धरू नका. फोन केला की "निघालोय दाजी, कॅनॉलपाशी आलोय." नारळ फुटला, कुदळ मारून झाली, गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, मशीन कॅनॉलपाशीच. नंतर कळलं की त्या दिवशी जेसीबी एका साहेबांच्या मिरवणुकीत फुलं उधळायला गेलावता. आता साहेबांवर फुलं पडणं महत्त्वाचं की तुमचा पाया, तुम्हीच सांगा.

एकदाचा आला की कामाकडे बघायचं नाही, मशीनकडे बघायचं. २०१९ साली अख्ख्या देशानं 'जेसीबी की खुदाई' म्हणून मीम काढले, ते उगाच नाही. शेजारपाजारचे, शाळेतली पोरं, दोन रिटायर्ड मास्तर, सगळे कमरेवर हात ठेवून उभे. मीपण उभा होतो. तासाचा आकडा दाखवणारं मीटर केबिनमध्ये असतं, सुरुवातीला आणि शेवटी त्याचा फोटो काढून ठेवणारी संशयी माणसं जगात आहेत, आपण त्यातले नाही. ऑपरेटर इंजिन चालू ठेवून तंबाखू मळतो, फोनवर बोलतो, तेवढा वेळही मशीन तुमच्याच जागेत उभं आहे की नाही? मग!

आता मुरूम. हा विषय जरा सावकाश घ्या. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे सगळ्यांना तोंडपाठ. "एक ट्रॉली एक ब्रास" हेही तोंडपाठ. मी एकदा, चुकून, टेप घेऊन ट्रॉली मोजली: लांबी १० फूट, रुंदी ६, उंची दीड. म्हणजे ९० घनफूट, तेही काठोकाठ भरली तर. ड्रायव्हर माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी त्याच्या घरात शिरून डबे उघडतोय. माझा प्लॉट तीन गुंठे, म्हणजे ३,२६७ चौरस फूट, सरासरी तीन फूट भराव धरला तर ९८ ब्रास. ९८ खेपांचे पैसे दिले, आला ८८ ब्रास, आणि तो सैल मुरूम दबून बसला ती बेरीज मी केलीच नाही, बीपीची गोळी रात्रीची असते. तुम्ही टेप नेऊ नका. वहीत खेपांच्या रेघा ओढायचं काम ड्रायव्हरकडेच द्या.

मुरूम कुठून येतो हेही विचारू नका. रॉयल्टी भरल्याची पावती वगैरे तहसीलदारानं विचारायच्या गोष्टी. विनापरवाना मुरमाला महसूल कायद्याच्या कलम ४८ मध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे म्हणे, पण रात्री साडेअकराला लाइट बंद करून येणारा डंपर कायदेशीर नसेल असं कसं म्हणायचं, बिचाऱ्याचे बल्ब गेले असतील.

भराव टाकताना आठ-नऊ इंचाचा थर, वर पाणी, मग रोलर नाहीतर धुम्मस, परत थर, असं पुस्तकातले इंजिनिअर सांगतात. आपला माणूस तीन फूट एकदम ओततो, वरून जेसीबीची चाकं चार वेळा फिरवतो आणि म्हणतो, "एक पावसाळा खाऊ द्या, आपोआप बसतंय." बसतंय खरं. त्याच्यावर घातलेली फरशीपण सोबतच बसती.

एका जागी मात्र माझी गंमत बंद. सेप्टिक टँकचा आठ फुटी खड्डा, काठावरच उकरलेल्या मातीचा ढीग, बाजू सरळ उभ्या, आणि तळ मारायला पोरगं आत उतरलेलं. दीड मीटरच्या खाली गेलं की बाजूला उतार द्यायचा, नाहीतर फळ्या ठोकून आधार द्यायचा, आणि ढीग लांब टाकायचा. मी त्याला बाहेर काढलं तर ऑपरेटर हसला. दोन तासांनी एक बाजू बदकन खाली आली. तेव्हा कोण हसलं नाही. हे तेवढं माझं खरंच ऐका, उलटं करू नका, सरळच करा.

बाकी मग किरकोळ. शेजाऱ्याची पाइपलाइन तुटली, कारण ती कुठून जाते हे शेजारी सोडून कुणाला माहीत नव्हतं आणि शेजाऱ्याला आपण विचारलं नव्हतं. वरची सुपीक माती परत लावायला बाजूला ठेवायची असती, ती दुसऱ्याच कुणाच्या तरी बागेत गेली. आणि उतार. उतार घराकडनं रस्त्याकडे पाहिजे, एवढंच मी सांगितलं होतं. लेव्हलची पाण्याची नळी मी आणली पण होती. तो म्हणाला, "डोळ्याला लेव्हल आहे दाजी, पंधरा वर्षं झाली."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला आणि सगळं पाणी जोत्याला येऊन टेकलं. गुडघाभर. शेजाऱ्याची म्हैस येऊन बसली त्यात, उठायला तयार नाही. फोटो काढून आपल्या माणसाला पाठवला, मग फोन केला.

"एवढंच ना दाजी? चर मारून देतो की. दोन तासाचं काम. तुमच्याकडनं काय जास्त घेणारे का?"

"कधी येतोस?"

"निघालोच. कॅनॉलपाशी आलोय."