गटात बसून न शिकण्याची कला

तुमची लवकरच एखाद्या सहअध्ययन गटात वर्णी लागणार असेल, तर आधी मनापासून अभिनंदन. एकट्याने अभ्यास करण्याचे वाईट दिवस संपले. एकट्याने अभ्यासाला बसलं की मोठी पंचाईत होते, आपल्याला काय कळलेलं नाही ते आपल्याला कळतं. गटात तो त्रास नाही. तिथे न कळणंसुद्धा सहा जणांत वाटून घेतात, त्यामुळे कुणाच्याच वाट्याला टोचेल इतकं येत नाही.

मी कालच असा अख्खा दिवस काढून आलो. सकाळी जेवढा गेलो तेवढाच संध्याकाळी परत यायचं, असा माझा निश्चय होता आणि एक अपघात सोडला तर तो तडीस गेला. त्या अपघाताचं पुढे सांगतो. आधी तुमच्या उपयोगाचं.

खोलीत शिरल्यावर खुर्च्या गोलाकार मांडलेल्या दिसतील. गोल म्हणजे समता, इथे पुढचा बाक नाही, मागचा बाक नाही. घाबरून जाऊ नका. गोलालाही मागचा बाक असतो, तो सुलभकाच्या अगदी शेजारी असतो. (शिक्षक म्हणायचं नाही, सुलभक म्हणायचं. ते शिकवत नाहीत, ते शिकणं घडू देतात. न घडलं तर अर्थातच ते आपण घडू दिलेलं नसतं.) सुलभकांची नजर समोर आणि तिरकी फिरते, मान अगदी वळवून शेजारच्याला प्रश्न विचारायचा त्यांना संकोच वाटतो. ही खुर्ची पकडायला दहा मिनिटं लवकर जावं लागलं तरी जा. कष्ट असेच योग्य जागी करावेत.

पहिलं संकट मात्र बसल्या बसल्याच येतं. आमच्या सुलभकबाईंनी सगळ्यांना एकेक कोरी चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "चंद्राच्या कला का होतात? कुणाशीही न बोलता आपापलं उत्तर लिहा. मग चर्चा."

या चिठ्ठीपासून जपा. ही कल्पना मुरलेल्या लोकांची आहे. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझूर यांच्या लक्षात आलं की आपले विद्यार्थी पुस्तकातली अवघड गणितं फटाफट सोडवतात, पण साधा संकल्पनेचा प्रश्न विचारला की गडबडतात. मग 1991 पासून त्यांनी वर्गात वेगळाच खेळ मांडला: प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि नंतर पुन्हा उत्तर द्यायचं. यातली गोम पहिल्या पायरीत आहे. एकदा तुम्ही काही लिहून बसलात की नंतर "मला तेच म्हणायचं होतं" हे वाक्य वापरता येत नाही. आणि हे वाक्य गेलं तर गटात आपल्याकडे उरतं काय?

मी तरीही गाफील राहिलो. लिहिलं, चार घड्या घातल्या आणि चिठ्ठी खिशात टाकली.

नंतर भूमिका वाटल्या जातात. गटनेता, लेखनिक, सादरकर्ता, वेळरक्षक. बाकीचे गटनेतेपदासाठी नम्रपणे नाही नाही म्हणत असतील, तेवढ्यात तुम्ही वेळरक्षक व्हा. एवढं निर्धोक पद मी दुसरं पाहिलेलं नाही. घड्याळ पाहायचं आणि कुणी मुद्द्याच्या फार जवळ पोचलं की हळूच म्हणायचं, "पाचच मिनिटं उरलीत हं." लोक उपकार मानतात. काल मी हे एकूण चार वेळा म्हणालो, आणि दिवसअखेर माझ्या नावापुढे 'गटाला दिशा दिली' असा शेरा पडला.

कुणाला वाटेल, असं अंग चोरणं बरं दिसत नाही. दिसत नाही, हाच तर त्याचा गुण! आणि याला शंभर वर्षांहून जुना शास्त्राधार आहे. माक्स रिंगलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. त्याचे निकाल 1913 मध्ये छापून आले. एकटा माणूस ओढतो त्याला पूर्ण धरलं, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकी जेमतेम निम्मा जोर लागत होता. आता आठ जणांचे झटके एका वेळी बसत नाहीत, म्हणून जोर वाया जातो, अशी सबब काढता येते. काही लोकांना ती सबबही पाहवली नाही. 1974 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एकेकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मागे बाकीचे आहेत असं भासवलं. मागे कुणीही ओढत नव्हतं. तरी पुढच्याचा जोर कमी झालाच. म्हणजे कामचुकारपणाला प्रत्यक्ष गटाचीही गरज नाही, गट आहे एवढी श्रद्धा पुरते. सात-पाचाची लाकडी आणि एकाचा भारा म्हणतात, त्यातला भारा कुणाच्या डोक्यावर जातो हे म्हणीत सांगितलेलं नाही, ते बरंच आहे.

आता चर्चा. चर्चेत न बोलणारा लगेच उघडा पडतो, म्हणून बोला, भरपूर बोला, फक्त विधान करू नका. "इंटरेस्टिंग!", "मी याला थोडं पुढे नेईन", "याकडे आपण समग्रपणे पाहायला हवं." शेवटचं वाक्य तर मी चंद्राबद्दलच वापरलं आणि दोघांनी माना डोलावल्या.

आमच्या गटनेत्याने सुरुवातीलाच खणखणीत आवाजात सांगितलं, "पृथ्वीची सावली पडते चंद्रावर. जेवढी सावली जास्त, तेवढी कोर बारीक." पुढच्याने "बरोबर" म्हटलं. तिसऱ्याने "हो, हो, सावलीच" म्हटलं. चौथा लेखनिक, त्याने लिहूनच टाकलं. पाचवा मी, मी घड्याळ पाहिलं. असं एकमत जमत असताना आडवं जाऊ नये. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी 1951 साली छापलेला प्रयोग आठवा: समोर तीन रेघा, कुठली रेघ नमुन्याएवढी आहे ते सांगायचं. लहान मुलालाही जमेल. पण आधीचे सगळे जण ठरवून चुकीचं उत्तर देत होते, आणि खऱ्या परीक्षार्थींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. डोळ्यांपुढच्या रेघेबाबत ही गत. चंद्र तर पावणेचार लाख किलोमीटरपेक्षा लांब.

अॅश यांच्याच प्रयोगांत एक घातक तपशीलही आहे. त्या जमावात एकाने जरी वेगळं उत्तर दिलं, तर बाकीच्यांची मान तुकवण्याची सवय एकदम उतरते. म्हणून गट निवडताना अशी एखादी व्यक्ती नाही ना, हे आधीच पाहून घ्या. आम्ही पाहिलं नव्हतं.

एकमत झालं की उरलेला वेळ तक्त्यात घालवावा. तक्ता हा सहअध्ययनाचा प्राण आहे. आमच्या तक्त्याला दीड तास लागला. त्यातली पन्नास मिनिटं सावली जांभळी की राखाडी यावर गेली. एवढी तळमळीची चर्चा दिवसभरात दुसरी झाली नाही: दोन्ही बाजूंनी मुद्दे मांडले गेले, एकाने आपलं मत चक्क बदललं, गटनेत्याने सगळ्यांना बोलायची संधी दिली. शेवटी जांभळी ठरली. मार्कर मधेच वाळला, म्हणून सावलीचा डावा भाग गडद आणि उजवा फिकट झाला. सादरकर्ता म्हणाला की ती उपछाया, म्हणजे सावलीची फिकट कड, आहे असं सांगू. कलेकलेने वाढणारी पृथ्वीची सावली, बाण, चौकटी, कोपऱ्यात सहा जणांची नावं. तक्ता इतका देखणा झाला की तो चुकीचा असेल अशी शंका घेणं असभ्यपणाचं ठरलं असतं.

आणि मग अपघात.

सहावी जी होती, ती सकाळपासून फारसं बोलली नव्हती. आमची समजूत होती की ती आमच्याच पंथाची आहे. ती खिडकीशी उभी होती. म्हणाली, "जरा इकडे येता?"

दुपार उतरत होती. बाहेर एका बाजूला सूर्य होता, चांगला तळपत होता. आणि दुसऱ्या बाजूला, निळ्या आकाशात, अष्टमीचा अर्धा चंद्र. पांढुरका, पुसलेल्या खडूसारखा.

"सूर्य तिकडे," ती म्हणाली. "मग आपली सावली त्याच्या बरोब्बर विरुद्ध दिशेला पडणार ना? म्हणजे पायाखाली, जमिनीच्या पलीकडे. ती या चंद्रावर वळून कशी येईल?"

असा प्रश्न आला की काय करायचं, ते मला पाठ आहे. "छान मुद्दा आहे, हा आपण नंतरसाठी बाजूला ठेवू या," असं म्हणायचं आणि नंतर कधी येतच नाही. मी तोंड उघडलं. पण चंद्र समोर होता हो! चंद्राला बाजूला कसं ठेवणार?

गटनेता म्हणाला, सावली वाकत असेल. सादरकर्ता म्हणाला, हा चंद्र अपवाद असेल. मी म्हणालो, पाचच मिनिटं उरलीत. ती तोवर टेबलाशी गेली होती. तिने तक्ता उचलला, आमचा तक्ता, दीड तासाचा, आणि दोन्ही हातांनी त्याचा चुरगाळून बोळा केला. लेखनिकाच्या घशातून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. मग पडदे ओढले, मोबाइलचा टॉर्च लावून कपाटावर ठेवला आणि बोळा माझ्याच हातात दिला. मीच का? माझ्या शेजारी सुलभकबाई बसायच्या, म्हणून मी तिला विश्वासू वाटलो असेन. बघा, जागा निवडण्याचे तोटेही असतात.

"हात लांब कर, डोक्याच्या जरा वर धर. टॉर्च म्हणजे सूर्य, तुझं डोकं म्हणजे पृथ्वी. आता टॉर्चकडे तोंड कर. काय दिसतं?"

बोळ्याची माझ्याकडची बाजू काळोखी होती. अमावास्या.

"आता डावीकडे पाव वळ."

बोळ्याचा उजवा अर्धा भाग उजळला. कागदाच्या सुरकुत्यांवर, उजेड आणि अंधार जिथे भेटत होते तिथे, बारीक बारीक सावल्या उठल्या होत्या, आणि त्यात आमच्या नावांपैकी दोन अक्षरं दिसत होती. खिडकीबाहेर जो होता तोच हा चंद्र. टॉर्चकडे पाठ केली, तर पूर्ण गोल उजळला. अजून पाव वळलो, डावा अर्धा. बोळ्याचा अर्धा भाग सारा वेळ उजेडातच होता, फक्त त्यातला किती माझ्या वाट्याला दिसतो ते बदलत होतं. माझ्या डोक्याची सावली कुठेच आली नव्हती. मी पुन्हा टॉर्चकडे पाठ करून हात थोडा खाली घेतला, तेव्हा मात्र ती बोळ्यावर पडली आणि सगळा चंद्र झाकोळला. ते ग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असते, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो, म्हणून दर महिन्याला ग्रहण लागत नाही. हे ती सांगत होती की मी, ते मला आता आठवत नाही. मी गोल गोल फिरत होतो. साडेएकोणतीस दिवस मी बहुधा अर्ध्या मिनिटात उरकले, आणि मग परत एकदा, कुणी सांगितलं नसताना.

वेळ किती झाली, ते कुणीच पाहिलं नाही. वेळरक्षकाचं पद हे असं एका क्षणात जातं.

तुमच्यावर हा प्रसंग ओढवला तर सावरायचं कसं? सोपं आहे. पडदे उघडले की डोळे किलकिले असतानाच म्हणायचं, "मी सकाळपासून हेच म्हणत होतो." आमच्यात पाच जण हे वाक्य जवळजवळ एका सुरात बोलले. गटनेत्याने तर ते खणखणीत आवाजात म्हटलं. ती एकटी गप्प होती, आणि जमिनीवरून वाळलेला मार्कर उचलत होती.

शेवटी मूल्यमापनाचा कागद आला: गटाच्या कामात तुमचा वाटा किती टक्के? इथे लाजू नका. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये पती-पत्नींना घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला होता, तर बहुतेक जोडप्यांत दोघांची बेरीज मापाबाहेर गेली होती. यात खोटेपणा असायलाच हवा असं नाही, आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं एवढंच. मी 40 टक्के लिहिले. बोळा कुणाच्या हातात होता? सुलभकबाईंनी सहाही आकडे फळ्यावर मांडून बेरीज केली, 190 आली. त्यांनी ती पुसली नाही, नुसत्या हसल्या. तिचा आकडा किती होता ते मी शोधायचा प्रयत्न केला. 5 चा एक होता, तोच असावा.

परत येताना चंद्र डोक्यावर आला होता, आता चांगला झळकत होता. मी चालता चालता सूर्य कुठे बुडाला ते मागे वळून पाहिलं, मग चंद्राकडे, मग पुन्हा मागे, आणि एका खांबावर आपटलो. रुमाल काढायला खिशात हात घातला, तर चार घड्यांची चिठ्ठी हाताला लागली. त्यावर माझ्या स्वच्छ, वळणदार अक्षरात 'पृथ्वीची सावली' लिहिलेलं होतं, आणि खात्री म्हणून खाली दोन रेघा.

तेव्हा चिठ्ठी आधी फाडा. बाकीचं सगळं नंतर निभावून नेता येतं.