शंभर काड्या, अंदाजे

रात्री पावणेनऊला पालकांच्या ग्रुपवर फर्मान आलं : ‘उद्या गणिताचा कृती-तास. प्रत्येकाने आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणाव्यात. दहा-दहाचे गठ्ठे करून.’ खाली पालकांच्या अंगठ्यांची रांग.

आमच्या डोंबिवलीतल्या स्टेशनरीवाल्याला शाळेचं वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या आधी कळतं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “दुसरी ना? हे घ्या, रेडिमेड दशक.” दहा काड्या डिंकाने चिकटवलेल्या, वर सोनेरी लेस, लेसवर टिकल्या. असे दहा गठ्ठे, दोनशे चाळीस रुपये.

आता बत्तीसातून सतरा वजा करायचे, तर सुट्या दोन काड्यांतून सात कशा जाणार? मग एका गठ्ठ्याचा रबर काढायचा, सुट्या बारा होतात, त्यातल्या सात उचलायच्या. हातच्याची वजाबाकी पोराला हाताने कळावी, म्हणून तर हा काड्यांचा उद्योग!

“हे सुटणार कसे?” मी विचारलं.

“सुटत नाहीत साहेब, गॅरंटी आहे.”

शेवटी कुठून तरी सुट्या काड्यांची दोन पाकिटं निघाली. वर छापलं होतं ‘५० नग’. पन्नास भरतील ना, म्हटल्यावर तो म्हणाला, “भरतात हो. पन्नासच्या आसपास.”

इथे हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आलेले एक आजोबा मध्ये पडले.

“काड्या कशाला लागतात हो गणिताला? पाढे येतात का तुम्हाला?”

“तीसपर्यंत येतात.”

“ते नव्हे, अपूर्णांकांचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. तेरा सवे किती?”

रांगेतल्या सगळ्यांना अचानक माझ्या शिक्षणात रस निर्माण झाला. मी मोबाइलला हात घातला, तर म्हणाले, “यंत्र नको. सव्वासोळा! बरं, पाच औटे?”

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे मला त्या क्षणी कळलं. उत्तर साडेसतरा. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला भर रांगेत साडेसतरा सांगता आले नाहीत, याचा आनंद मागच्या बाईंच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट पाहिला.

तिथून आजोबा २०१९ सालात शिरले. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस-बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आलं, तो राग त्यांनी अजून फ्रीजमध्ये ठेवला होता. माझं पोर त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितं, त्यामुळे पुस्तकवाल्यांचं मला पटतं. पण साडेसतरा न आलेल्याला मत नसतं.

“काड्या तेवढ्या मोजता का?” मी म्हणालो. उद्देश त्यांना गप्प करणं हाच होता. आजोबा खुलले. एक, दोन, तीन... एकोणतीसला त्यांना जुने मास्तर आठवले, तिसाला मास्तरांची छडी आठवली आणि पुढे एकदम चौतीस आले. पहिल्या मोजणीत पाकिटात अठ्ठेचाळीस काड्या होत्या, दुसऱ्या मोजणीत एक्कावन्न. मशीन माझ्या काड्यांसाठी थांबलेलं नव्हतं, तरी झेरॉक्सची रांग माझ्याकडे बघून सुस्कारे टाकू लागली. अखेर दुकानातल्या पोऱ्याने काड्या ओढून घेतल्या, दहा-दहाचे ढीग लावले आणि चहाचा घोट न सोडता सांगितलं, “सत्तेचाळीस.”

“तेच म्हणत होतो मी,” आजोबा म्हणाले.

दुसऱ्या पाकिटात शेचाळीस निघाल्या. उरलेल्या सातांचे पैसे स्टेशनरीवाल्याने वेगळे घेतले. तेवढा हिशेब त्याचा तोंडपाठ होता.

घरी गठ्ठे पोरालाच बांधायला लावले. अकरा वाजले, एक रबर डोळ्यावर उडाला, पण बांधले त्याने.

२०२१ पासून देशात निपुण भारत अभियान आहे, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला नीट वाचता आणि हिशेब करता यावा म्हणून. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसऱ्या दिवशीच्या फोटोची आहे. सगळे गठ्ठे वर्गातल्या काचेच्या कपाटात, वर पाटी : ‘गणित कोपरा. कृपया हात लावू नये.’ पुढच्या ओळीत सोनेरी लेसवाले, प्रत्येकावर स्टार.

“वजाबाकी केलीत का रे?”

“बाईंनी फळ्यावर केली. आम्ही उतरवून घेतली.”

आणि वहीत आमच्या गठ्ठ्यांबद्दल लाल शाईत शेरा : ‘सजावट हवी.’

पुढच्या सोमवारी शंभर चिंचोके मागवलेत. रंगवून.