कोल इंडियाचा दंड आणि आयोगाची स्वायत्तता : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

बाजारातील मक्तेदारी व गैरवापरावर लक्ष ठेवणाऱ्या ज्या भारतीय स्पर्धा आयोगाने कोल इंडियासारख्या सरकारी कंपनीला दंड ठोठावला, त्याच्यावर राजकीय प्रभाव असल्याचे लिहिणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप आपण माझ्या लेखावर घेतला आहे. आपले उदाहरण चपखल आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

डिसेंबर २०१३ मध्ये आयोगाने कोल इंडियाला १,७७३ कोटी रुपयांचा दंड केला. कोळसापुरवठ्याच्या करारातील अटी एकतर्फी असल्याची तक्रार करणाऱ्यांत महानिर्मिती, म्हणजे महाराष्ट्र शासनाचीच वीजकंपनी होती. फेरसुनावणीनंतर २०१७ मध्ये दंड ५९१ कोटींवर आला. राष्ट्रीयीकृत कोळसा उद्योगाला स्पर्धा कायदा, म्हणजे आयोग ज्याच्या आधारे काम करतो तो कायदा, लागूच होत नाही, हा कंपनीचा दावा मात्र सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला तो थेट जून २०२३ मध्ये. कायद्याने सरकारची सार्वभौम कार्ये आणि त्यांच्याबरोबर अणुऊर्जा, चलन, संरक्षण व अवकाश ही खाती वगळली आहेत. त्यांत कोळसा नाही. तरीही एवढा काळ वाद चालला. आयोग निर्भीडपणे वागला हे मला मान्यच आहे.

परंतु मंत्रालयातून आयोगाला फोन जातात, असे मी कुठेही लिहिलेले नाही. मला दिसणारा प्रभाव कायद्यातूनच, राजपत्रात छापून येतो. स्पर्धा कायद्याच्या कलम ५४ नुसार केंद्र सरकार सार्वजनिक हिताच्या कारणास्तव कोणत्याही वर्गातील उपक्रमांना सूट देऊ शकते. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणांना आयोगाच्या मंजुरीतून अशी सूट दहा वर्षांसाठी मिळाली. त्यानंतर विजया व देना बँका बँक ऑफ बडोदात गेल्या, २०२० मध्ये दहा बँकांच्या चार झाल्या, आणि एखाद्या जिल्ह्यातील कर्जदारापुढे किती पर्याय उरतील हे आयोगाने तपासण्याचा प्रसंगच आला नाही. आयोगाने ही विलीनीकरणे कदाचित मंजूरही केली असती. पण त्याला विचारलेच गेले नाही.

दुसरा मार्ग सरकारकडून होणाऱ्या आयोगावरील नियुक्त्यांचा, आणि तो मला अधिक चिंताजनक वाटतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष निवृत्त झाले आणि निर्णयासाठी लागणारी किमान तीन जणांची गणपूर्ती उरली नाही. नव्या अध्यक्षांची नेमणूक मे २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात, फेब्रुवारीत, उरलेल्या दोन सदस्यांना अपरिहार्यतेच्या तत्त्वाचा (दुसरा पर्याय नसल्यास नियमापलीकडे जाऊन काम करण्याची मुभा) आधार घेऊन विलीनीकरणांचे प्रस्ताव हातावेगळे करावे लागले. निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे ही अडचण अचानक उद्भवली असे म्हणता येत नाही. यामागे हेतू होता की निव्वळ दिरंगाई, हे मी ठरवू शकत नाही. आयोगाचे काम अडण्यात मात्र त्याने फरक पडत नाही.

लोकनियुक्त सरकारने आर्थिक धोरण ठरवू नये काय, असेही आपण विचारता. जरूर ठरवावे. बँका एकत्र करणे हा धोरणाचा निर्णय आहे आणि तो मंत्रिमंडळाचाच आहे. माझी मागणी एवढीच, की कलम ५४ खालील सूट देताना आयोगाचे लेखी मत घ्यावे आणि ते न मानल्यास कारणे प्रसिद्ध करावीत. बँकांची सूट ऑगस्ट २०२७ मध्ये संपते. ती वाढवायची झाल्यास ही पद्धत तेव्हाच सुरू करता येईल.